बदल आला की बेबनाव का येतो?

कामाच्या ठिकाणी एखादी नवी पद्धत सुरू होते आणि चार-आठ दिवसांतच तेथील हवा बदलते. कालपर्यंत एकमेकांच्या डब्यातील भाजी वाटून खाणारी माणसे वेगवेगळी बसू लागतात. साध्या प्रश्नाला तुटक उत्तर मिळते. मालकाला वाटते, ही माणसे आळशी आहेत, नव्याला घाबरतात. कामगाराला वाटते, मालकाला आता आपली गरज उरलेली नाही. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात आणि म्हणूनच तंटा लवकर मिटत नाही.

माणसाला मुळात बदलच नको असतो, असे या प्रश्नाचे एक सोपे उत्तर दिले जाते. ते मान्य करणे कठीण आहे. हातगाडीवर भाजी विकणाऱ्याने मोबाइलवरून पैसे घेण्याची रीत पाहता पाहता स्वीकारली. परगावी असलेल्या नातवाचे तोंड दिसावे म्हणून सत्तरीतल्या आजीने व्हिडिओ कॉल शिकून घेतला. त्यांना कोणी नोटीस दिली नव्हती, शिक्षेचे भय दाखवले नव्हते. लाभ त्यांचा होता आणि शिकण्याचा वेग त्यांच्या हाती होता. कामाच्या ठिकाणी मात्र बदलाचा निर्णय एकाचा असतो आणि त्याची किंमत बहुधा दुसऱ्याला द्यावी लागते. ती किंमत कोणत्याही वहीत लिहिलेली नसते. ज्याला ती द्यावी लागते त्याला कोणी विचारलेलेही नसते. बेबनावाचे मूळ बहुतेक वेळा येथे सापडते. गेल्या शंभर वर्षांतील गिरण्या-कारखान्यांचा इतिहास याची साक्ष देतो, आणि त्यातील दोन महत्त्वाची पाने अहमदाबादच्या एका प्रतिष्ठित जैन घराण्याशी जोडलेली आहेत.

एकच बदल, दोन हिशेब

१९१७ साली अहमदाबादेत प्लेगची साथ पसरली. कामगार जीव वाचवण्यासाठी शहर सोडू लागले. गिरण्या चालू राहाव्यात म्हणून मालकांनी पगाराखेरीज 'प्लेग बोनस' देण्यास प्रारंभ केला. काहींच्या बाबतीत तो पगाराच्या ७० ते ८० टक्क्यांपर्यंत गेला. पुढे साथ ओसरली आणि १९१८ च्या आरंभी मालकांनी हा बोनस बंद करण्याचे ठरवले.

मालकांच्या हिशेबाने यात अन्याय काहीच नव्हता. संकटापुरती दिलेली सवलत संकट संपल्यावर संपली. पण कामगाराच्या घरी दुसराच हिशेब चालू होता. पहिल्या महायुद्धामुळे धान्य आणि कापड महाग झाले होते. प्लेगसाठी मिळालेली रक्कम केव्हाच महागाईच्या तोंडी गेली होती आणि तिच्यावरच घरखर्च उभा होता. मालक ज्याला बोनस म्हणत होते, त्याला कामगार पगार समजू लागला होता. एकच रक्कम, पण दोन वह्यांत दोन वेगळ्या नावांनी लिहिलेली. अशा वेळी ती काढून घेणे म्हणजे एका वहीत काटकसर होती, तर दुसऱ्या वहीत उपासमार.

कामगारांची मागणी ५० टक्के महागाई भत्त्याची होती. मालक २० टक्क्यांवर अडून होते. गांधीजींनी दोन्ही बाजूंच्या परिस्थितीचा अभ्यास करून ३५ टक्के ही मागणी रास्त ठरवली. २२ फेब्रुवारी १९१८ रोजी टाळेबंदी सुरू झाली. या संघर्षात मालकांचे नेतृत्व अंबालाल साराभाई करीत होते आणि कामगारांच्या बाजूने त्यांच्या सख्ख्या भगिनी अनसूयाबेन उभ्या होत्या. मार्चच्या मध्यावर गांधीजींनी उपोषण आरंभले आणि १८ मार्चला तडजोड झाली. प्रश्न लवादाकडे सोपवण्याचे ठरले. आनंदशंकर ध्रुव यांनी लवाद म्हणून पुढे ३५ टक्क्यांचाच निवाडा दिला.

या लढ्यातून अहमदाबादला एक रीत मिळाली. १९२० साली स्थापन झालेल्या मजूर महाजनाने वाद लवादापुढे नेण्याचे तत्त्व आपल्या कार्याचा पाया मानले. मतभेद राहणारच, पण दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघडून पाहता येतील अशी जागा हवी, हे त्या शहराने अनुभवाने शिकून घेतले.

तिसऱ्या साच्याचे गणित

अशी जागा नसली तर काय होते, ते दहा वर्षांनी मुंबईच्या गिरणगावाने पाहिले. १९२० च्या दशकात जपानी कापडाच्या स्पर्धेने मुंबईच्या गिरण्या अडचणीत आल्या होत्या. खर्च कमी करणे मालकांना अटळ वाटत होते. त्यासाठी अनेक गिरण्यांत असे ठरले, की दोन साचे चालवणाऱ्या विणकराने तीन साचे चालवावेत आणि सूतखात्यातही एकेका कामगाराने अधिक यंत्रे सांभाळावीत. याला कार्यक्षमतेची पद्धत असे नाव मिळाले.

गिरणीच्या कचेरीत ही योजना कागदावर सुबक दिसत असेल. साच्यापुढे उभ्या असलेल्या माणसाला तिचा अर्थ बोटांवर मोजता येत होता. दोन-दोन साचे चालवणारे तीन विणकर मिळून सहा साचे चालवतात. तेच सहा साचे तीन-तीनप्रमाणे चालवायला दोघे पुरतात. म्हणजे तिघांतला एक घरी. आणि हा तिसरा माणूस कोणी परका नसे. कोकणातून किंवा देशावरून आलेली गावची माणसे एकमेकांच्या ओळखीने गिरणीत लागत आणि एकाच खोलीत दाटीवाटीने राहत. ज्याचे काम जाणार तो कोणाचा चुलतभाऊ, कोणाचा मेहुणा, कोणाचा खोलीतला सोबती. तिसरा साचा हाती घेणे म्हणजे शेजारच्या चटईवर झोपणाऱ्याचा घास काढून घेणे, असा त्याचा अर्थ होत होता.

एप्रिल १९२८ मध्ये सुरू झालेला संप ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. गिरणी कामगार युनियन याच काळात उभी राहिली. शेवटी न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमून दोन्ही बाजूंची कैफियत ऐकून घ्यावी लागली. सहा महिने चुली थंड राहिल्यानंतर जे ऐकले गेले, ते आधी ऐकता आले नसते का, हा प्रश्न त्या संपाने मागे ठेवला. स्पर्धा खोटी नव्हती आणि कामगाराचे गणितही खोटे नव्हते. मालकांनी तिसऱ्या साच्याची बचत मोजली होती. तिसऱ्या माणसाचे काय, हे कोणी मोजले नव्हते.

आवाज न करणारा बेबनाव

बेबनाव नेहमी संपाच्या रूपाने प्रकट होतो असे नाही. कधी तो इतका मूक असतो, की त्याला बेबनाव म्हणावे हेच कोणाला सुचत नाही. याचे उदाहरण पुन्हा अहमदाबादचे आणि पुन्हा साराभाई कुटुंबाच्या गिरणीतले आहे.

१९५२ च्या जून महिन्यात कॅलिको गिरणीत स्वयंचलित माग सुरू झाले. साध्या मागावर एक विणकर दोन माग सांभाळीत असे. धोट्यातली कांडी संपली की बदलायची, तुटलेला धागा सांधायचा, कापडावर नजर ठेवायची, ही सारी कामे त्याची होती. नव्या मागात रिकामी कांडी आपोआप बदलली जाई आणि ताण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबे. तेव्हा एका माणसाने सर्व कामे करण्याची गरज उरली नाही, असे तंत्रज्ञांना वाटले. घड्याळ लावून प्रत्येक कामाचा वेळ मोजण्यात आला आणि काम तुकड्यांत वाटण्यात आले. २२४ माग, २९ कामगार आणि १२ वेगवेगळ्या प्रकारची कामे अशी रचना झाली. विणकराकडे २४ किंवा ३२ माग, कांड्या भरणाऱ्याकडे ४० ते ५०, मोठा गुंता झाला की तो सोडवणाऱ्याकडे ६० ते ८०, तर जॉबरकडे ११२.

यंत्रे उत्तम होती, कामगार निवडलेले होते, तरी अपेक्षित उत्पादन निघेना आणि सदोष कापडाचे प्रमाण घटेना. संप नव्हता, घोषणा नव्हत्या. गिरणीचे प्रमुख गौतम साराभाई यांनी लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील ए. के. राइस यांना पाचारण केले. १९५३ साली राइस यांनी मागखात्याची पाहणी केली तेव्हा यंत्रांमधला दोष त्यांना दिसला नाही. दोष माणसे ज्या रीतीने मांडली होती त्या रीतीत होता. प्रत्येकाच्या मागांची संख्या वेगळी असल्यामुळे कोण कोणाबरोबर काम करतो हेच ठरलेले नव्हते. एका कांडी भरणाऱ्याला दोन-तीन विणकरांची मर्जी राखावी लागे आणि त्यांतल्या कोणाचाच तो पूर्णपणे नसे. धागा वारंवार तुटू लागला की विणकराने कोणाला हाक मारायची, आणि आधी कोणाच्या हाकेला ओ द्यायची, याला नियम नव्हता. माणसे शेजारी उभी होती, पण ती एकमेकांची सोबती उरली नव्हती.

याच संस्थेच्या एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफोर्थ यांनी १९५१ साली इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींविषयी असाच निष्कर्ष मांडला होता. तेथे दोन-चार जणांची जुनी टोळी आपले काम आरंभापासून शेवटपर्यंत एकत्र करी. यंत्रे आल्यावर ते काम पाळ्यांत आणि तुकड्यांत विभागले गेले. एका पाळीची हेळसांड दुसऱ्या पाळीच्या माथी येऊ लागली, परस्परांवर दोषारोप वाढले, गैरहजेरी वाढली. यंत्राने कोळसा खणण्याची रीत बदलली होती, पण अंधारात एकमेकांच्या भरवशावर काम करणाऱ्यांचे नाते तिने कोणाच्या नकळत तोडले होते.

राइस यांनी कॅलिकोत सुचवलेला उपाय साधा होता. २९ जणांचा विखुरलेला जमाव ठेवण्याऐवजी सुमारे ६४ मागांचा एक भाग ७ जणांच्या एका गटाकडे द्यावा आणि कामे आपापसांत कशी वाटायची ते त्या गटाने ठरवावे. व्यवस्थापक, पर्यवेक्षक आणि कामगार यांच्यापुढे ही कल्पना मांडण्यात आली. कामगारांनी ती तत्काळ आपलीशी केली. कोणी कोणाबरोबर काम करायचे याच्या जोड्या त्यांनी स्वतःच जुळवल्या. स्थिरस्थावर झाल्यानंतर मागांची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांपर्यंत चढली आणि सदोष कापडाचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. यंत्र तेच होते, माणसेही तीच होती.

या कथेला दोन पुरवण्या आहेत आणि त्या गाळून ती सांगणे योग्य होणार नाही. पुढील काळात काही अभ्यासकांनी लक्षात आणून दिले, की नव्या रचनेबरोबर कामगारांची कमाईही वाढली होती. तेव्हा यशाचे सगळे श्रेय गटपद्धतीला देणे उचित नाही. ही टीका विचारात घेण्यासारखी आहे. गोड बोलून माणसे आपली होतात आणि पैसे वाचतात असा निष्कर्ष कोणी काढू नये. कामाचा भार वाढला तर मोबदलाही वाढला पाहिजे, हे या प्रयोगानेही नाकारलेले नाही. दुसरी पुरवणी टॅव्हिस्टॉकच्याच एरिक मिलर यांनी १९७० च्या सुमारास पुन्हा केलेल्या पाहणीची. काही ठिकाणी गटपद्धती इतक्या वर्षांनंतरही टिकून होती, तर काही ठिकाणी ती हळूहळू विरून जुनी रीत परतली होती. एकदा साधलेला मेळ आपोआप टिकत नाही. बाजार बदलतो, कापडाचा प्रकार बदलतो, माणसे बदलतात आणि मेळ पुन्हा पुन्हा जुळवावा लागतो.

विचारले, आणि विचारले नाही

माणसांना बदलाच्या निर्णयात घेतल्याने नेमका किती फरक पडतो, हे पाहण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न १९४७ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, हारवुड कंपनीच्या पायजमे शिवण्याच्या कारखान्यात झाला. लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच यांनी तो १९४८ साली प्रसिद्ध केला. या कारखान्यात बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि नगावर मजुरी मिळे. काम करण्याची पद्धत बदलली की त्यांचा हात मंदावे, कमाई घटे, चिडचिड वाढे आणि अनेक जणी नोकरी सोडून जात.

या वेळी तीन रीती अवलंबण्यात आल्या. एका गटाला बैठकीत बोलावून नवी पद्धत आणि नवे दर समजावून सांगण्यात आले आणि शंकांना उत्तरे देण्यात आली. दुसऱ्या गटाने आपले प्रतिनिधी निवडले आणि त्यांनी नवी पद्धत ठरवण्यात भाग घेतला. आणखी दोन लहान गटांत प्रत्येक जण त्या चर्चेत सहभागी झाली. चर्चेत त्यांना दोन सारखे दिसणारे कपडे दाखवण्यात आले. एक आदल्या वर्षी दुप्पट किमतीला विकला गेला होता. स्वस्त कोणता ते ओळखा, असे विचारल्यावर कोणालाही ओळखता आले नाही. बाजारात भाव कसे उतरले आहेत आणि खर्च का कमी करायचा, ते समजायला एवढे पुरेसे झाले. मग खर्च कसा कमी होईल, हे त्याच सुचवू लागल्या.

ज्या गटाला केवळ सांगितले गेले, त्यातील १७ टक्के कामगार पहिल्या ४० दिवसांत काम सोडून गेले आणि उरलेल्यांचे उत्पादन पूर्वपदावर आले नाही. ज्या गटांत प्रत्येकीचा सहभाग होता त्यांतून कोणीही गेले नाही आणि उत्पादन पूर्वीपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी वाढले. त्याहून बोलका भाग पुढे आहे. पहिल्या गटातील उरलेल्या कामगारांना अडीच महिन्यांनी पुन्हा एकत्र आणून दुसरे काम दिले गेले आणि या वेळी त्यांना निर्णयात सामील करून घेतले. त्याच हटवादी ठरलेल्या माणसांनी नवे काम झपाट्याने आत्मसात केले. हट्ट त्यांच्या स्वभावात नव्हता, त्यांना ज्या रीतीने वागवले गेले त्या रीतीत होता.

पेढीवरचा प्रश्न

गिरण्या आणि कारखाने दूरचे वाटतील, पण हाच प्रश्न सांगलीच्या हळदीच्या अडतीवर, कोल्हापूरच्या गुळाच्या पेढीवर आणि सोलापूरच्या कापड दुकानात घरगुती रूप घेऊन उभा असतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि ज्या पेढ्यांवर तोपर्यंत लाल कापडाच्या वह्या चालत होत्या, तेथेही संगणक अपरिहार्य झाला. शिकून आलेली पिढी त्यासाठी तयार होती. तीस-तीस वर्षे रोजमेळ आणि खतावणी लिहिणारे दिवाणजी तयार नव्हते.

अशा वेळी बहुतेक घरांत एकच नाटक घडते. मुलगा म्हणतो, "दिवाणजींना जमत नाही, दुसरा माणूस ठेवू या." वडील म्हणतात, "त्यांनी तुझ्या आजोबांपासून पेढी सांभाळली आहे." दिवाणजी काहीच बोलत नाहीत. ते फक्त संगणकातली नोंद झाली तरी वहीतही लिहीत राहतात आणि एखाद्या दिवशी दोन्हींचा मेळ बसला नाही की संगणकाकडे बोट दाखवतात. मुलाला हा अडथळा वाटतो. वस्तुतः दिवाणजी एक प्रश्न विचारीत असतात, पण तो शब्दांत मांडण्याची सोय त्यांना नसते. 'माझ्या हातात जे होते ते यंत्रात गेले. मग मी येथे कशासाठी?'

त्यांच्या हातात केवळ आकडे नव्हते. कोणत्या गावचा व्यापारी सुगीनंतरच पैसे देतो, कोणाकडे तगादा लावला की तो दुखावतो आणि कोणाकडे न लावला तर विसरतो, कोणाच्या घरी लग्न आहे म्हणून यंदा उधारी थांबवायची नाही, हे सारे त्यांच्या स्मरणात असते. संगणकात थकबाकीची रक्कम येते, पण हे ज्ञान तेथे आपोआप येत नाही. ते मागितले नाही तर दिवाणजींबरोबर निघून जाते आणि वर्षा-दोन वर्षांनी, जुनी गिऱ्हाइके तुटू लागल्यावर, काय गेले ते कळते.

सून पेढीवर बसू लागते तेव्हाही हेच घडते. तिने मालाचा साठा नीट मोजायला सुरुवात केली, की गोदामातल्या जुन्या माणसाला वाटते, आपल्यावर संशय घेतला जात आहे. तिच्या मनात तसे नसते. पण पंचवीस वर्षे ज्याच्या शब्दावर गोदाम चालले, त्याच्या शब्दाऐवजी आता यादी मागितली जाते, यातला अर्थ त्याला टोचतो. यादी आवश्यकच आहे. ती मागण्यापूर्वी, "काका, साठा मोजायचा तर कोठून सुरुवात करावी?" एवढे त्याला विचारले असते, तर तीच यादी त्याने स्वतःच्या हाताने करून दिली असती.

बदल करण्यापूर्वी

या सर्व उदाहरणांतून काही व्यावहारिक गोष्टी निघतात. बदल ठरवताना नफ्याच्या हिशेबाशेजारी नुकसानीचाही कागद मांडावा. कोणाचे काय जाणार आहे, हे माणसागणिक लिहावे. त्यात पैसा आणि पद यांच्याबरोबर मान, सोबत आणि उद्याची खात्री हेही रकाने असावेत. १९२८ च्या मुंबईत हाच कागद कोरा राहिला होता.

दुसरे असे, की बातमी पेढीवरून कळण्याआधी बाजारातून कळू नये. 'आमचे काय होणार' या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, की ती जागा अफवा भरून काढतात. आणि उत्तर कटू असले तरी ते स्वतः सांगावे. खरोखर कोणाचे काम जाणार असेल तर ते लपवून सहकार्य मिळवणे ही फसवणूक आहे. अशा माणसाला वेळ, दुसरे काम शिकण्याची संधी आणि योग्य मोबदला देणे हा उपकार मानला जाऊ नये, तो बदलाच्या खर्चाचाच भाग आहे.

तिसरी गोष्ट सल्ल्याची. काय बदलायचे हे पुष्कळदा बाजार किंवा कायदा ठरवतो, तेथे पर्याय नसतो. पण कसे बदलायचे हे रोज ते काम करणाऱ्याला विचारता येते आणि विचारले तर तो जे सांगतो ते सहसा मालकाला ठाऊक नसते. मात्र निर्णय आधीच पूर्ण झाला असेल तर विचारण्याचे सोंग करू नये. माणसे ते लगेच ओळखतात आणि मग पुढच्या खऱ्या विचारण्यावरही विश्वास ठेवीत नाहीत.

चौथी गोष्ट वेळेची. जुनी वही आणि नवा संगणक काही महिने बरोबरीने चालू द्यावा. दुहेरी कष्ट पडतात हे खरे, पण तेवढ्या काळात चुका होतात त्या झाकल्या जात नाहीत, आणि वयस्क माणसाला तरुणांच्या देखत हसे न होता शिकता येते. चारचौघांत झालेली एक थट्टा शिकण्याची इच्छा वर्षभर मारून टाकते. नव्या पद्धतीने जी बचत होईल तिचा काही अंश ती राबवणाऱ्यांपर्यंत पोहोचावा, हे सांगण्याची गरज पडू नये. कॅलिकोत उत्पादनाबरोबर कमाई वाढली होती, हे विसरता येत नाही.

कामगारांच्या बाजूलाही काही कर्तव्ये आहेत. प्रत्येक नव्या गोष्टीमागे डाव असतो असे मानणे हा स्वतःवरही अन्याय आहे. आपली अडचण अबोल्याने, दिरंगाईने किंवा पाठीमागच्या कुजबुजीने व्यक्त करण्यापेक्षा ती स्पष्ट शब्दांत मांडणे अधिक धैर्याचे असते. ज्याला तीस वर्षांचा अनुभव आहे त्याने तो नव्या पिढीपासून रोखून धरला, तर त्याची किंमत वाढत नाही. दिला तरच त्याची खरी गरज सर्वांना कळते.

भारतीय बँकांत यंत्रे आणण्याविषयी बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात १९८३ साली आणि पुन्हा १९९३ साली करार झाले. त्या वाटाघाटी दीर्घ चालल्या आणि त्या काळी अनेकांना तो निव्वळ कालापव्यय वाटला. पण संगणक कोठे आणि किती लावायचे हे ज्या टेबलावर ठरत होते, तेथे कर्मचारीही बसलेले होते. ज्यांनी हाताने खातेवह्या लिहिल्या होत्या त्यांतल्याच कित्येकांनी पुढे संगणकावर काम केले. बोलण्यात गेलेला वेळ वाया गेला असे म्हणता येत नाही, कारण न बोलता गेलेला वेळ मुंबईने १९२८ साली सहा महिन्यांच्या हिशेबाने मोजला आहे.

म्हणून कामाच्या ठिकाणी कुरबुर सुरू झाली, की ती दाबण्याची घाई करू नये. ती बहुधा हेच सांगत असते, की बदलाच्या हिशेबात कोणाची तरी एक रक्कम लिहायची राहून गेली आहे. ती शोधून लिहिली, तर पुढचे काम सोपे होते. ती न लिहिता वही मिटली, तर पुढच्या पानावर ती व्याजासह येते.